रीळ बदलेपर्यंतची बाई

"अरे, मशीन बंद कर ना भो! बाईले येऊ दे!"

पडद्यावर नायिकेची आई खाटेवर पडून शेवटचे श्वास मोजत होती. नायिका तिच्या छातीवर डोकं ठेवून रडत होती, मागे सारंगी रडत होती, आणि तंबूत तिसऱ्या रांगेत प्रकाशा गावचा एक फेटेवाला घोंगडीवर उभा राहून माझ्या नावाने बोंबलत होता.

"ती म्हातारी मरी ऱ्हायनी तं मरू दे ना सावकाश! आमन्हं गाडं जुपाना टाइम व्हयना! बाई कव्हय येई?"

"बाई! बाई!" बाकीच्यांनी सूर धरला. त्या तंबूत तेव्हा आठशे माणूस होतं. आमचे मालक आप्पा तीनशेच सांगायचे, पण त्यांना करमणूक कराच्या साहेबाला तोंड द्यावं लागायचं. मला नाही. म्हणून मी आठशेवर कायम आहे.

आप्पा धोतराचा सोगा हातात धरून माझ्या मशीनकडे धावत आले. "कर बंद! पडदा फाडी टाकतीन!"

मी मशीन थांबवलं. म्हातारीचा श्वास अर्धा आत, अर्धा बाहेर, तसाच अडकला. मधल्या खांबावरचा दिवा लागला, पडद्याची खालची कड हलली, आणि तिच्याखालून वाकून बाई बाहेर आली. डाव्या काखेत फिल्मचा रिकामा पत्र्याचा डबा, उजव्या हाताच्या चार बोटांत चार पितळी अंगठ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं आणि डब्यावर तीन टिचक्या मारल्या.

"काय रे, घाई करी ऱ्हायनात? ती माउली कव्हयनी जावाले तयार शे. पन पोरगी छातीवर बठेल शे, जीव निंघी कथाईन?"

आठशे माणूस असं हसलं की तापीच्या पात्रात झोपलेल्या मगरीने कूस बदलली. मी पाहिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी नावाडी सांगत होता.

तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता, सगळं धुळ्यात होतं. आणि आमच्या फिरत्या टॉकीजला वास्तविक टॉकीज म्हणणंही धाडसाचंच होतं. एक तंबू, एक तेलाचं इंजिन, चार बैलगाड्या, एक पडदा आणि एक मशीन. त्या एका मशीनवर मी. आप्पा तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांपैकी. घरी गुजरी बोलायचे, बाहेर अहिराणी, आणि चिडले की दोन्ही एकदम. कापूस आणि केळी सोडून या माणसाने सिनेमाचा तंबू का काढला, हे त्यांच्या घरच्यांनाही कळलेलं नव्हतं.

आता, एक मशीन म्हणजे काय, ते सांगतो. मोठ्या गावच्या पक्क्या थेटरात दोन मशीनं असतात. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू होतं, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमच्याकडे रीळ संपलं की सिनेमा थांबायचा. दिवा लावायचा, रीळ काढायचं, दुसरं चढवायचं, दिवा घालवायचा. एका सिनेमात असे सात खंड पडायचे. रीळ बदलायला किती वेळ लागतो? हात चांगला असेल तर दोन मिनिटं. मला सात लागायची. माझा हात चांगला होता, हे मी आज कबूल करतो.

पाच मिनिटं मी उगाच मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या फुंकत बसायचो, कारण बाईला सात मिनिटं लागायची.

ती आली तेव्हा तंबूत फुटाणे विकायची. शहाद्याच्या बाजारातला मुक्काम होता. खेळाच्या ऐन मध्यावर फिल्म तुटली. जुनी, घासलेली फिल्म, एकदा तुटली की सात ठिकाणी तुटायची. मी चिकटवत बसलो. लोकांनी पहिली दहा मिनिटं शिव्या दिल्या, पुढची दहा ढेकळं मारली. पडद्याला पाच भोकं पडली. आप्पा हात जोडून उभे होते, एक ढेकूळ त्यांच्या टोपीवर बसलं. एवढ्यात पडद्याच्या मागून कुणीतरी पत्र्यावर ताल धरला. मागे बसायला स्वस्त असायचं, तिथून चित्र उलटं दिसायचं. तिथून ही बाई पुढे आली, फुटाण्यांचा डबा वाजवत. फुटाणे आतच होते, त्यामुळे डबा खुळखुळ्यासारखाही वाजत होता. आणि तिने, तोपर्यंत पडद्यावर जे काही झालं होतं ते, अहिराणीत गाऊन दाखवलं.

हीरो म्हने मरस मरस, मराले काय जास?
तीन रीलपासून पडेल शे, तरी गानं गास!

लोक आधी गप्प झाले. मग त्यांना उमगलं की आपण तासभर जे पाहत होतो ते हे होतं होय! कारण खरी गोष्ट अशी की, आमच्या तंबूत येणाऱ्या माणसाला सिनेमा अर्धाच कळायचा. हिंदी सिनेमातले लोक उर्दूत रुसायचे आणि मराठी सिनेमातले लोक पुण्याच्या बोलीत. शेतात दिवसभर कापूस वेचून आलेल्या माणसाला, नायिका का रुसली हे शेवटपर्यंत कळायचं नाही. रडायचं कुठे आणि हसायचं कुठे, हे तो शेजाऱ्याकडे बघून ठरवायचा. शेजारी त्याच्याकडे बघत असायचा.

बाईने ते सगळं सोडवून दिलं. दर रिळानंतर ती यायची, झालेलं रीळ डब्यावर गाऊन सांगायची, नायकाच्या चालण्याची नक्कल करायची, खलनायकाच्या मिशा पदराच्या टोकाने काढायची आणि मुख्य म्हणजे प्रत्येक पात्राला आपल्यातलं नातं लावून द्यायची. महालातला राजा तिच्या तोंडी तळोद्याचा कुणी आबा व्हायचा. राणी त्याची तिसरी बायको. दिवाण म्हणजे तालुक्याच्या कचेरीतला कारकून. दोन वर्षांत अशी वेळ आली की लोक मशीन चालू असताना आपसांत बोलायचे, विडी ओढायचे, पोरांना जेवू घालायचे. आणि दिवा लागला की एकदम शांत. सिनेमा हा बाईच्या दोन गाण्यांमधला मोकळा वेळ झाला होता.

आप्पांना हे रुचत होतं का? रुचत होतं आणि नव्हतंही. गर्दी व्हायची, ते बरं. पण आप्पांना मनातून पक्कं थेटर व्हायचं होतं. धुळ्याला जाऊन आले की महिनाभर त्यांच्या तोंडी एकच. "औंदा कापूस चांगला उना ना, तं दुसरं मशीन लई येस. मंग थांबाना सवालच नही."

दुसरं मशीन आलं की खंड पडणार नाही. खंड पडला नाही की बाई नाही. इतका सरळ हिशोब होता. आप्पांच्या मनात वाईट काही नव्हतं, ते बाईसमोरच हे बोलायचे. बाई हसायची. पण दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास तंबू आप्पांच्या गावाजवळ असला की ती एकटीच त्यांच्या शेताच्या बांधावरून चक्कर मारून यायची. एकदा मी विचारलं, "काय बाई, काय बघून आलात?"

"बोंडे," ती म्हणाली.

"कशी आहेत?"

"भलती चांगली शेतस," तिने इतक्या दुःखाने सांगितलं की कुणाला वाटावं, गावात साथ आली आहे.

त्या वर्षी कापसावर बोंडअळी पडली. आप्पा डोक्याला हात लावून बसले होते आणि बाई त्यांच्यासाठी चहा करत होती. गूळ नेहमीपेक्षा जास्त पडला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी मात्र ती मला म्हणाली, "भाऊ, मी कोनं वाईट चिंतं नही हां. मी फक्त चांगलं चिंतं नही."

सिनेमा ती नेहमी पडद्यामागून बघायची. इंजिन मागेच असायचं. गाण्याआधी तिचे हात बर्फासारखे व्हायचे, ते ती इंजिनाच्या धुराड्यापाशी धरायची. आठ वर्षांत शेकडो वेळा उभी राहिली असेल, तरी प्रत्येक वेळी हात गार. मागून बघितल्यामुळे तिला सगळं जग उलटं ठाऊक होतं. तिचे सगळे नायक डावखुरे होते. डाव्या हाताने तलवार, डाव्या हाताने मंगळसूत्र, डाव्या हाताने नमस्कारही म्हणाली असती. एकदा नंदुरबारच्या पक्क्या थेटरात आप्पांनी आम्हाला सिनेमा दाखवायला नेलं. बाई पहिल्यांदाच समोरून बघत होती. पाच मिनिटांत उठली आणि मशीनच्या खोलीचं दार बडवायला लागली. "ओ दादा, उलटं लायेल शे ना तुम्ही!" तिथला मशीनवाला बाहेर आला आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी ओळख दाखवली नाही.

अक्षरंही ती तशीच शिकली. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्या रोज बघून बघून, कुणाकुणाला विचारून, ती वाचायला शिकली. मागून. त्यामुळे तिला सरळ कागद वाचता यायचा नाही. कुणी चिठ्ठी दिली की ती उन्हात जाऊन उभी राहायची, कागद उलटा करून सूर्यासमोर धरायची आणि पाठीमागून खडाखड वाचायची. पोस्टकार्ड आलं की मात्र पंचाईत, जाड असतं. मग ते ती माझ्याकडे द्यायची आणि वर मलाच ऐकवायची, "तुम्ही सुलटा माणसं. तुमले जाडं वाचता येस."

वेळ ती रिळात मोजायची. "दोन रील थांब, भात शिजी जाई." "तळोदं? अर्ध्या पिक्चरवर शे." नवऱ्याबद्दल तिला कुणी विचारायचं धाडस करत नसे. आप्पांच्या घरच्या काकूंनी एकदा केलं. तंबूवर आल्या होत्या, भाकरी घेऊन.

"बाई, तुन्हा मालक कोठे शे?"

बाई कांदा फोडत होती. "काकू, त्यान्हं रील हारपी गयं."

काकूंना कळलं नाही. मला कळलं. मी कांदा उचलून खाल्ला, म्हणजे डोळ्यांना कारण मिळालं.

तोरणमाळला आम्ही एकदाच गेलो. आप्पांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं की वर डोंगरात सिनेमा कुणी पाहिलेलाच नाही. पाहणार कसा? तो चढ असा उभा आहे की बैलाला पुढे ढग दिसतो आणि मागे आपलंच शेपूट. बैल अर्ध्यावर बसले. मग इंजिन अकरा माणसांनी खांद्यावर घेतलं, मशीन चौघांनी, आणि पडदा बाईने डोक्यावर. वर पोचलो तेव्हा सगळ्यांच्या जिभा बाहेर होत्या, फक्त बाईची आत होती, कारण ती गात होती. वरचे लोक पावरी बोलणारे. त्यांना हिंदी नको, मराठी नको, अहिराणीसुद्धा अर्धीमुर्धी. पहिलं रीळ त्यांनी पडद्याकडे पाठ करून पाहिलं, म्हणजे मशीन पाहिलं. दिवा लागला, बाई उभी राहिली. बोलली एक अक्षर नाही. नायिका पाणी भरते, नायक लपून बघतो, नायिकेची घागर पडते, एवढंच तिने करून दाखवलं. पण घागर म्हणून तिने आप्पांची टोपी घेतली होती. लोक हसून हसून आडवे झाले. एका म्हाताऱ्याने रात्रीचं जेवण म्हणून दोन कोंबड्या आणल्या आणि त्या आप्पांना न देता बाईच्या हातात दिल्या.

उतरताना घाटात ती मला म्हणाली, "भाऊ, फुटाणा इकस ना, तव्हय लोक मन्हा हातकडे देखतस. डबा वाजाडस ना, तव्हय तोंडकडे देखतस." मग न कापलेल्या त्या कोंबड्या तिने काखेत सावरल्या आणि पुढे चालू लागली.

पुढची तिची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणजे मुंबईत ठाऊक आहे. आमचा तंबू सोडल्यावर ती धुळ्याच्या एका नाटक मंडळीत गेली, तिथून मुंबईला. विनोदी गाणी म्हणणारी बाई म्हणून तिचं नाव झालं. मुंबईहून बोलावणं आलं होतं त्याचं पत्र तिने नंदुरबारच्या स्टेशनावर, फलाटाच्या टोकाला जाऊन, मावळतीच्या उन्हात मागून वाचलं होतं. आणि मग पुष्कळ वर्षांनी, मुंबईत टेलिव्हिजन आल्यावर, ती त्यातही दिसायला लागली. चाळीतली भांडकुदळ मावशी, लग्नातली खाष्ट आत्या, असलं काहीतरी. तिकडे म्हणे तिला रस्त्यात लोक थांबवायचे. इकडे आम्हाला पत्ता नव्हता, कारण आमच्याकडे टेलिव्हिजनच नव्हता. अख्ख्या मुंबईने पाहिलेली आमची बाई खानदेशात कुणालाही दिसली नाही.

एकदा नंदुरबारला आली होती तेव्हा मी विचारलं, "कसं असतं बाई ते टेलिव्हिजन?"

"एक खोली ऱ्हास. समोर एकच मानूस. त्यानाबी एक डोया मिटेल. मी एवढं केलं, तो हसनाच नही. मी म्हटलं, काय दादा, पोटमा दुखस का? तं बठ्ठा वरडनात, बाई, मशीन चालू शे!"

"मग?"

"मंग काय, मी म्हटलं, बंद करा ना मंग. मशीन बंद व्हस तव्हयच मी सुरू व्हस."

हे सगळं नंतरचं. पण ती आमच्याकडून गेली कशी, ते मुंबईच्या लोकांना ठाऊक नाही. ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी दोन्ही मशीनं माझ्याच हातात होती.

त्या वर्षी कापूस आला. असा आला की आप्पांच्या गावातली मांजरंसुद्धा पांढरी झाली. दत्तजयंतीच्या यात्रेला आमचा तंबू सारंगखेड्याला लागला, आणि त्याच आठवड्यात नंदुरबार स्टेशनवरून बैलगाडीने दुसरं मशीन आलं. गवतात गुंडाळलेलं, नवरीसारखं. आप्पांनी त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. बाईलाही दोन दिले.

"बाई," आप्पा म्हणाले. नजर पेढ्यांच्या पुड्यावर. "आजपासून पिक्चर थांबाव नही. तू आपला फुटाणा इक. दरवाजाजवळनी जागा देस तुले. चांगली जागा शे."

"हां, आप्पा," बाई म्हणाली. तिने एक पेढा खाल्ला, एक पदराला बांधला.

दुपारी यात्रेतल्या घोडेबाजारात ही गर्दी होती. मी तंबूत एकटा नवं मशीन बसवत होतो. ती आली आणि बाजूला उभी राहिली. मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणालो, "बाई, हा पट्टा बघा. हा मी एवढासा ढिला ठेवला, तर हे महिनाभर चालायचं नाही. आप्पांना वाटेल माल खराब आला."

खरं सांगतो. पंधरा वर्षं मी एका मशीनवर काढली होती. दोन मशीनं अखंड चालवून दाखवायची, हे प्रत्येक मशीनवाल्याचं स्वप्न असतं. ते मी तिच्यासाठी मोडायला निघालो होतो.

बाईने पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पदराच्या टोकाने नव्या मशीनची काच पुसली. "नका भाऊ. त्यानी काय करेल शे? ते तं आजच उनं."

दिवेलागणीला पहिला खेळ सुरू झाला. तंबू फुटेल इतका भरला होता. घोडेवाले, शेतकरी, बायका, पोरं; आणि एरवी आठशे म्हणणारा मी त्या दिवशी तीन हजारांच्या खाली येणार नाही. सिनेमा मायलेकींच्या ताटातुटीचा. पूर, दुष्ट दिवाण, आंधळी झालेली आई, सगळं सामान व्यवस्थित होतं. पहिलं रीळ संपत आलं. चित्राच्या कोपऱ्यात रीळ बदलायच्या खुणेचा ठिपका आला, मी डावीकडचं मशीन सोडलं, उजवीकडचं घेतलं. चित्र हललंसुद्धा नाही. मी आयुष्यात इतकं देखणं काम केलं नव्हतं. मला वाटलं, आता टाळ्या पडतील.

टाळ्या पडल्या नाहीत. कुजबुज सुरू झाली.

दुसऱ्या रिळाला पोरं रडायला लागली, कारण त्यांना बाहेर न्यायचं कधी हे आयांना कळेना. पाणी प्यायचं राहिलं, विडी राहिली, आणखीही बरंच काही राहिलं. पुरुषमंडळी मांडी बदलत होती. बाहेर गेलेले परत आले तर दिवाणाने लग्न केलं होतं. तिसऱ्या बदलालाही दिवा लागला नाही तेव्हा शिरपूरकडचा एक घोडेवाला, तीन फूट मिशा, ताडकन उभा राहिला.

"रील खाई गया रे! मालक रील खाई गया!"

"काय झालं?" आप्पा दारातून धावले.

"मी मोजी ऱ्हायनू ना! बाई तीन डाव येवाले पाह्यजे व्हती. एक डावबी उनी नही. तीन रील कथा गयात?"

त्याची चूक नव्हती. इतकी वर्षं रीळ म्हणजे बाई आणि बाई म्हणजे रीळ. जिथे बाई आली नाही, तिथे सिनेमा कापला, हे तंबूतल्या प्रत्येकाला पटलं. "चोर!" "अर्धं पिक्चर दखाडतस!" पहिलं ढेकूळ पडद्यावर दिवाणाच्या कपाळाला लागलं.

आप्पा तेलाच्या पिंपावर चढले. "अरे भाऊसहो, दोन मशीन शेतस आते! दोन! थांबाना सवाल नही!"

"दोन मशीन शेतस तं दोन बाया आना!" मागून उत्तर आलं.

तंबूची एक दोरी सुटली. दुसरी सुटली. मधला खांब कलायला लागला. आप्पा पिंपावरून उतरले ते थेट दाराशी, बाई फुटाण्यांची टोपली घेऊन बसली होती तिथे. मी मशीनं थांबवली होती, म्हणून मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"जाय व माय. एक डाव जाय. हाई शेवटलं, सकायपासून नही, मी आतेच सांगी ठेवस. पन आते जाय."

बाईने डब्यातले फुटाणे टोपलीत ओतले. हात धुराड्याशी धरायला ती मागे गेली नाही. आठ वर्षांत पहिल्यांदाच ती पडद्याखालून न येता समोरून, लोकांतून वाट काढत गेली. मी दिवा लावला. तंबू गप्प झाला.

एक गोष्ट सांगायला हवी. बाई पुढचं कधीही सांगायची नाही. सगळा सिनेमा तिला पाठ असायचा, पण झालेल्या रिळापुढे एक पाऊल नाही. शहाद्याच्या एका धनाढ्याने लुगडं देऊ केलं होतं, शेवट काय ते आधी सांग म्हणून. बाईने लुगड्याला हात लावला नव्हता. पुढचं सांगणं म्हणजे मशीनवाल्याच्या ताटातलं खाणं, असं ती मानायची.

तिने झालेली तीन रिळं सांगितली. लोक हसले. नुकतंच सुरू होऊन थांबलेलं चौथं रीळ मशीनवर होतं, आणि मी बटणावर हात ठेवून उभा होतो. सात मिनिटं झाली. ती थांबली नाही. तिने चौथं रीळ सुरू केलं, जे कुणी धड पाहिलंच नव्हतं. मग पाचवं. आंधळी आई झाली, मुलगी झाली, दिवाण झाली, दिवाणाचा घोडासुद्धा झाली, आणि तो घोडा असा खिंकाळला की बाहेर तापीकाठी बांधलेल्या दोन हजार घोड्यांनी त्याला उत्तर दिलं. त्यानंतर तिने आवाज खाली आणला. डब्यावर बोटं जेमतेम टेकत होती.

दिवान गया जेलमा भाऊ, पोरगी घर उनी,
नका रडू रे मायासहो, माय तिले मियनी.

शिरपूरचा घोडेवाला मिशा पुसत होता. बायका पदरात हुंदके देत हसत होत्या. बाईने डब्यावर शेवटची टिचकी मारली, वाकून नमस्कार केला आणि उभी राहिली.

आणि लोक उठले. घोंगड्या झटकल्या, पोरं खांद्यावर घेतली, आणि शांतपणे, समाधानाने, तंबूच्या दारातून बाहेर पडायला लागले. आप्पा दारात आडवे हात करून उभे राहिले. "अरे, कोठे चालनात? पिक्चर बाकी शे! निम्मं पिक्चर बाकी शे!"

"समजनं ना बठ्ठं," घोडेवाला म्हणाला. "पोरगी घर उनी ना? मंग बस." आणि आप्पांना खांद्याला धरून हळूच बाजूला करून तो निघून गेला.

दहा मिनिटांत तंबू रिकामा. मी, दोन मशीनं, झेंडूचा हार आणि चढवलेलं चौथं रीळ. बाई खाली बसून सांडलेले फुटाणे एकेक करून टोपलीत भरत होती. आप्पा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात, आवाज चिरकलेला.

"पाच रील बाकी व्हतात, बाई! पाच! शेवटपावत बठ्ठं काबर सांगी टाकं?"

बाईने वर पाहिलं.

"मंग नंतर त्यासले कोन सांगतं, आप्पा?"